शिवण उसवताना

स्टुलावर उभी राहा, शर्वाणी. ताठ.
हलू नकोस गो, तोंडात टाचण्या आहेत माझ्या
आणि बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

जूनमध्ये शिवला तेव्हा हा स्कर्ट
गुडघ्याखाली चार बोटं होता.
अजून वाड्यावरच्या नरकासुराला कागदही चिकटले नाहीत
आणि तुझा गुडघा बाहेर.
आई म्हणते, पडवळासारखी वाढते कार्टी,
जणू तू मुद्दाम करतेस, तिला खर्चात पाडायला.

म्हणून मी दुमडीत कापड नेहमी जास्त ठेवते.
चोपड्यापासून मांद्र्यापर्यंत मला कापडखाऊ म्हणतात.
म्हणोत.
मुली वाढतात हे ज्याला ठाऊक नाही
त्याने मुलींचे कपडे शिवू नयेत.

हं, उसवली.
ही रेघ बघ, जुन्या दुमडीची.
खाली कापड अजून गर्द निळं, ऊन न लागलेलं,
वर विटलेलं, धुवून धुवून.
इस्त्रीने जाणार नाही, आधीच सांगते.
वर्गात कुणीतरी हसेल.
लिझेलला विचार, तीही माझ्याकडेच येते.
परवा म्हणाली, मावशे, माझ्या तर दोन आहेत.

अशीच रेघ मानशीच्या दगडावर असते,
पाणी कुठवर चढून गेलं त्याची.
पाहिलीस ना मानस, खाजनाच्या बांधातली?
त्या फळ्यांना कडी नाही, कुलूप नाही.
भरतीला नदी बाहेरून रेटते, दार मिटतं.
ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं.
कुणी राखण बसत नाही तिथे.
मानस म्हणजे मन, हे मला शाळेत कळलं.
आमच्याकडे आधी ते दार होतं.

तेरावं लागलं तेव्हा मला सांगितलं,
त्या चार दिवसांत आगरात पाय ठेवायचा नाही,
मीठ काळं पडतं.
सहा वर्षांची असल्यापासून बाबांच्या मागे
मी मिठाची फळी ओढलेली,
आणि एका सकाळी मीच मिठाची वैरीण!

गेले मग. रात्री.
चांदणं होतं, आगरवाड्याची कुत्री ओळखीची.
चपला बांधावर काढल्या,
घोटाभर पाण्यात उतरले, मूठभर मीठ उचललं
आणि बघत बसले.
बराच वेळ.
पांढरंच राहिलं.
टाचेच्या भेगेला तेवढं झोंबलं,
ते मात्र खरं.

ते मीठ ढिगात गेलं, ढीग पोत्यात,
पोतं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात.
लोकांनी हुमणात घातलं, लोणच्यात घातलं.
कुणाच्या पोटात दुखल्याचं ऐकलं नाही.
मी कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगते,
तेही टाचण्या तोंडात असताना,
म्हणजे नीट ऐकू आलं नसेल तर विचारू नकोस.

तू मला विचारलंस ना मघाशी,
मोठं झाल्यावर भीती जाते का?
नाही जात.
कात्री चालवताना अजून माझा श्वास अडतो.
पण कापड कापायला लागतंच, त्याशिवाय अंगात जात नाही.
हे काही उत्तर नाही, मला माहीत आहे.
माझं शिक्षण नववीपर्यंतच.

बोल, किती सोडू?
सगळं?
सगळं सोडलं तर पुढच्या जूनला काय करशील?
वेगळा शिवीन म्हणतेस. स्वतः शिवणार?
मशीनच्या पायट्याला पाय पुरतो तुझा?
पुरतो. बरं.

बोटभर तरी ठेवते दुमडीत.
तुझ्यासाठी नाही, माझ्या सवयीसाठी.

झालं, उतर आता.
जपून, मागच्या बाजूला एक टाचणी राहिली आहे.
अगो बाय,
उतरलीस तरी माझ्याएवढीच की!